वॉलपेपर काढल्यावर उरलेली खळ: दोन भिंती, एक पावसाळा

डोंबिवलीतला जुना फ्लॅट घेतला तेव्हा बेडरूमच्या दोन भिंतींवर वॉलपेपर होता. फेब्रुवारीत तो काढला. कागद दोन तासांत निघाला, खळ मात्र भिंतीवरच राहिली. वाळलेली खळ डोळ्यांना दिसत नाही, ओलं बोट फिरवलं की बुळबुळीत लागते.

खिडकीकडची भिंत मी शनिवार-रविवार घालवून धुतली. कपाटामागची राहिली होती. सोमवारी पेंटर आला आणि म्हणाला, "साहेब, प्रायमर मारला की सगळं झाकलं जातं." मी ऐकलं.

धुताना बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड दोन चमचे घातलं. हातभर जागा ओली करायची, दहा मिनिटांनी पुन्हा ओली करायची, मग पुट्टीच्या पत्र्याने हलकेच खरवडून स्पंजने पुसायचं. घाई केली की खळ निघत नाही, नुसती पसरते. पाणी गढूळलं की बदलायचंच. एका भिंतीला मला आठ बादल्या लागल्या. व्हिनेगरही घालून पाहिलं, माझ्याकडे फरक पडला नाही. आधीच पॉलिश पेपर मारू नका, खळीने तो लगेच भरतो. भिंतीवर पीओपी असेल तर पाणी अगदी बेताने घ्या, पीओपी मऊ पडतं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते टिंक्चर आयोडीन. पाण्यात पातळ करून थेंब लावला की स्टार्चची खळ निळी-काळी होते. स्विचबोर्डाखाली, मला स्वच्छ वाटलेल्या जागी, असे डाग उमटले. तेवढा भाग पुन्हा धुतला. सेल्युलोजची खळ मात्र असा रंग दाखवत नाही, तिथे ओल्या बोटावरच विसंबायचं.

आता ऑक्टोबर आहे. धुतलेली भिंत अख्खा पावसाळा काढून जशीच्या तशी आहे. कपाटामागे जुलैतच बारीक तडे गेले, ऑगस्टमध्ये पापुद्रे सुटले आणि खाली बुरशीचे काळे ठिपके आले. वॉटर प्रायमरमधल्या पाण्याने खळ पुन्हा ओली होते, वाळताना आकसते आणि वरच्या रंगालाही ओढते. त्यात पावसाळी दमट हवा, आणि बुरशीला खळ म्हणजे आयतं खाणं. रंगाचे पैसे गेले याचं मला खरंच वाईट वाटतं.

दिवाळीआधी ती भिंत नीट करायला घेतली आहे. धुऊन झाली की चांगली वाळू देणार आणि या वेळी ऑइल प्रायमर. काल पहिली बादली ओतली, पाणी पेजेसारखं पांढरं होतं.