गोठवलेले डाम्फनूडल: पाकीट घ्या, पाकिटावरची कृती विसरा

जर्मन सुपरमार्केटच्या फ्रीझरमधून 'डाम्फनूडल' (यीस्टने फुगवलेल्या मैद्याचे उंडे) म्हणून जे पाकीट हाती येतं, त्यात बहुतेक वेळा पांढरे, गुळगुळीत, मुठीएवढे गोळे असतात. मागच्या बाजूला लिहिल्याप्रमाणे वाफवले तर लुसलुशीत होतात, किंचित गोड लागतात, सॉसही छान शोषतात. वाईट अजिबात नाहीत. पण त्यांना डाम्फनूडल म्हणवत नाही, कारण बुडाला खरपूस थर नसतो. तो नसेल तर हाती राहतो तो सारण काढून घेतलेला गेर्मक्नोडल.

हे दोन पदार्थ सारखे दिसतात म्हणून गल्लत होते. (आणि नावात 'नूडल' असलं तरी शेवयांशी दोघांचाही संबंध नाही, हे यीस्ट घालून फुगवलेल्या मैद्याचे उंडे आहेत.) गेर्मक्नोडल ऑस्ट्रियाचा आणि दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा. पोटात पोविडल, म्हणजे प्लम आटवून केलेला घट्ट मुरंबा, वर वितळलेलं लोणी, वाटलेली काळी खसखस आणि पिठीसाखर. तो निव्वळ वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात शिजतो, त्यामुळे सगळीकडून पांढराच राहतो. डाम्फनूडल मात्र झाकणाच्या भांड्यात थोडा द्रव आणि थोडं लोणी घालून त्यातच बसवतात. आधी द्रव उकळून वाफ होते आणि उंडा वरून शिजतो. द्रव आटला की उरलेल्या लोण्यात त्याचं बूड तळलं जातं. पाणी असेपर्यंत भांड्याचा तळ 100 अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून रंगही येत नाही. सगळी गंमत शेवटच्या तीन-चार मिनिटांची आहे, आणि कारखान्यातल्या वाफेत नेमकी तीच मिनिटं नसतात.

बुडाची चवही प्रांताप्रांतानुसार बदलते. बव्हेरियात दूध, लोणी, साखर घालतात, त्यामुळे खाली कॅरॅमल धरतं. पश्चिमेच्या फाल्त्स भागात पाणी, तेल किंवा तूप आणि चांगलं सढळ हाताने मीठ घालतात. खारट, कुरकुरीत बूड आणि त्यावर गोड व्हॅनिला सॉस किंवा व्हाइट वाइनचा सॉस हे तिथलं समीकरण. शेजारी बटाट्याचं सूप असतं, तेही त्याच जेवणात. फाल्त्समधल्या फ्रेकनफेल्ड गावात तर डाम्फनूडलची वेसच आहे. सतराव्या शतकातल्या 'तीस वर्षांच्या युद्धात' गावातल्या बेकरने 1286 डाम्फनूडल करून स्वीडिश सैनिकांना जेवू घातलं आणि गाव लुटीतून वाचलं, अशी आख्यायिका आहे. त्याची आठवण म्हणून वेशीत गोल दगड बसवलेत.

आता पाकिटाकडे. मागे साधारण दोन कृती असतात, मायक्रोवेव्ह आणि वाफ. मायक्रोवेव्ह सरळ सोडून द्या. खोलगट वाडग्यात दोन चमचे पाणी घालून, झाकून, एका वेळी एकच उंडा गरम केला तर पहिली पाच मिनिटं तो मऊ असतो. नंतर कडेने रबरासारखा चिवट होत जातो, कारण पाणी झपाट्याने निघून जातं. वाफेवर बरा होतो, पण बुडाचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

म्हणून तिसरी कृती, जी पाकिटावर छापलेली नसते. 26 सेंमीचं जाड बुडाचं, उभ्या कडांचं, घट्ट झाकणाचं पॅन घ्या. त्यात 25 ग्रॅम लोणी, प्रत्येकी 70 मिली दूध आणि पाणी, एक चमचा साखर आणि चिमूटभर मीठ. उकळी फुटली की चार गोठलेले उंडे तसेच ठेवा, वितळवत बसू नका. एकमेकांत दोन बोटांचं अंतर ठेवा, झाकण लावा आणि आच मध्यमपेक्षा कमी करा. पाकिटावर वाफवण्याची जी वेळ दिली असेल, ती संपता संपता द्रव आटायला हवा. शेगडी जोरात असेल तर 30 मिली पाणी आधीच जास्त घाला. मध्ये झाकण उघडून घालायची वेळ आली तर ते गरम पाणीच असू द्या. निव्वळ दूध वापरलं तर उतू जातं आणि साखर-दुधाचा थर मिनिटभरात सोनेरीचा काळा होतो, म्हणून निम्मं पाणी.

द्रव आटला हे ओळखायचं कसं? कानाने. आधी बुडबुड ऐकू येते, मग ती विरळ होते आणि एकदम चरचर सुरू होते. चरचर सुरू झाल्यावर तीन मिनिटं, मग भांडं खाली. एवढं केलं तर पाकिटातला माल चांगलाच वधारतो. पाचपैकी साडेतीन गुण, मायक्रोवेव्हमधून काढला तर दीड.

सॉसच्या बाबतीत मात्र इतकी उदारता दाखवता येत नाही. दुकानातली व्हॅनिला सॉसची पुडी म्हणजे मुख्यतः स्टार्च, रंग आणि सुगंध. एक प्रकार दुधात उकळायचा, दुसरा थंड दुधात नुसता घुसळायचा. उकळायचा निदान दाट आणि गुळगुळीत होतो. थंड दुधात घुसळलेल्याला किंचित पिठूळ चव राहते आणि तो गरम उंड्यावर ओतला की पातळ झाल्यासारखा पसरतो. पाकिटावरचे शब्द नीट वाचा. 'व्हॅनिले-गेश्माक' म्हणजे फक्त व्हॅनिलाची चव, तर 'बूर्बोन-व्हॅनिले' म्हणजे मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवरच्या शेंगांची खरी व्हॅनिला. साखरेच्या छोट्या पुड्यांनाही हेच लागू. 'व्हॅनिलिनत्सुकर' आणि 'व्हॅनिलेत्सुकर' यांत अक्षराचाच फरक दिसतो, पण पहिल्यात शेंग औषधालाही नसते.

घरी केलेल्या सॉसला वीस मिनिटं लागतात आणि सगळ्या ताटाचा दर्जा त्यानेच ठरतो. 400 मिली दूध, 100 मिली क्रीम आणि चिरून खरवडलेली एक व्हॅनिलाची शेंग उकळीपर्यंत आणून दहा मिनिटं झाकून ठेवा. मध्यम आकाराच्या पाच अंड्यांचा पिवळा बलक 65 ग्रॅम साखरेबरोबर फेटा. साखर बलकावर टाकून तसंच ठेवलं तर गुठळ्या धरतात, म्हणून लगेच फेटायचं. गरम दूध बारीक धारेने त्यात घाला, सगळं पुन्हा पातेल्यात ओता आणि मंद आचेवर लाकडी चमच्याने तळ खरवडत ढवळत राहा. 82 ते 84 अंशांवर थांबायचं. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या पाठीवर बसलेल्या थरावर हलकी फुंकर मारा. गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या वळ्या दिसल्या की झालं. जर्मन आचारी या क्रियेला 'गुलाबापर्यंत आणणं' अशा अर्थाचाच शब्द वापरतात. उकळी आली तर बलक फाटतो. फाटायला नुकती सुरुवात झाली असेल तर पातेलं लगेच थंड पाण्यात बसवून ब्लेंडर फिरवल्यास सॉस वाचतो, पुढे गेला असेल तर नाही. झालेला सॉस गाळून घ्याच.

ज्यांना उंडेही घरी करायचे आहेत त्यांच्यासाठी प्रमाण: 500 ग्रॅम जर्मन वर्गवारीतला 550 क्रमांकाचा मैदा (405 चालतो, पण उंडे जरा जास्त पसरतात), 250 मिली कोमट दूध, 21 ग्रॅम ताजं यीस्ट, 60 ग्रॅम साखर, 60 ग्रॅम मऊ लोणी, एक अंडं, एक सपाट चमचा मीठ. ताज्या यीस्टची जर्मन वडी 42 ग्रॅमची असते, म्हणजे अर्धी वडी, किंवा सुक्या यीस्टची 7 ग्रॅमची एक पुडी. दूध 37 अंशांच्या आसपास, बोटाला गरम-गार काहीच वाटू नये इतपत. 50 अंशांच्या पुढे यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट पाहा, गोळा ढिम्म राहतो.

थोडं दूध, यीस्ट, चमचाभर साखर आणि मूठभर मैदा कालवून पंधरा मिनिटं ठेवा. बव्हेरियात या आंबवणाला 'डाम्फ्ल' म्हणतात. मग बाकीचं घालून दहा मिनिटं चांगलं तिंबा. लोणी शेवटी, थोडं थोडं. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला पाहिजे. किंचित चिकट असेल तरी वर मैदा घालण्याचा मोह आवरा, कारण कोरडा गोळा वाफेत घट्टच राहतो. तासाभरात दुप्पट झाला की साधारण 90 ग्रॅमचे दहा उंडे वळा आणि फडक्याखाली अर्धा तास फुगू द्या. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की तयार. खळगा तसाच राहिला तर उंडा जास्त फुगलाय, तो भांड्यात बसकण मारणार.

28 सेंमीच्या भांड्यात एका वेळी पाचच ठेवा, म्हणजे दोन घाणे. प्रत्येक घाण्याला 40 ग्रॅम लोणी, 180 मिली द्रव आणि एक मोठा चमचा साखर. फाल्त्सची चव हवी असेल तर द्रव म्हणजे फक्त पाणी, लोण्याऐवजी तेल आणि साखरेऐवजी सपाट चमचा मीठ. झाकण लावून पहिली पाच मिनिटं मध्यम आच, मग मंद, एकूण वीस ते पंचवीस मिनिटं. या वेळात झाकण उघडायचं नाही, हा नियम शोभेचा नाही. उंड्याचा आतला भाग अजून बसलेला नसतो, त्याला आतल्या गरम वाफेनेच तोलून धरलेलं असतं. गार हवा शिरली की वाफ आकसते आणि उंडा सुरकुतून खाली जातो. पुन्हा फुगत नाही.

काचेचं झाकण सर्वांत सोयीचं, आत काय चाललंय ते दिसतं. पण त्यावर साठलेले थेंब उंड्यावर पडून ओले चट्टे पडतात. झाकणाला सुती फडकं गुंडाळा आणि टोकं वर बांधा, गॅसच्या ज्योतीजवळ लोंबू देऊ नका. भांडं निदान दहा सेंमी खोल असू द्या, नाहीतर फुगलेले उंडे फडक्यालाच चिकटतात. पातळ स्टीलच्या पॅनमध्ये मधल्या उंड्याचं बूड करपतं आणि कडेचे पांढरे राहतात. ओतीव लोखंड किंवा जाड ओतीव अॅल्युमिनियम इथे खरोखर उपयोगी पडतं. जर्मनीत पटकन अंग धरलेल्या माणसाला 'डाम्फनूडलसारखा फुगला' म्हणतात. भांडं घेताना तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काढताना झाकण तिरकं न करता झटक्यात बाजूला घ्या, उलथनं बुडाखाली सरकवा आणि खरपूस बाजू खाली येऊ न देता, वर करून वाढा. सॉस उंड्याच्या बाजूला ओता, बुडावर नाही, नाहीतर मिळवलेली कुरकुर दोन मिनिटांत मऊ पडते. उरलेले उंडे दुसऱ्या दिवशी वाफवण्यापेक्षा बोटभर जाडीचे काप करून लोण्यात दोन्ही बाजूंनी परता. शिळ्याला हेच जास्त मानवतं.