राऊटरच्या कमांडमधली मदतीची चिन्हं: सिस्को आधी की ज्युनिपर?

आधी कोणता राऊटर शिकू, असं कुणी विचारलं की मी दोन्हीकडे ? दाबून बघायला सांगतो. सिस्को कंपनीचं आयओएस असो की ज्युनिपर कंपनीचं जुनॉस (राऊटर चालवणारी ही दोन सॉफ्टवेअर), एंटर न मारताच पुढे काय लिहिता येईल याची यादी समोर येते. फरक त्या यादीतल्या चिन्हांत आहे.

आयओएस सांगतं की तुम्ही काय टाइप करायचं. 'वर्ड' म्हणजे एकच शब्द, मध्ये स्पेस नको, 'लाइन' म्हणजे स्पेस असलेला मजकूरही चालेल, ए.बी.सी.डी. म्हणजे आयपी पत्ता किंवा मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते सांगणारा आकडा). यातलं नेमकं कोणतं, ते उजवीकडच्या वर्णनात असतं, म्हणून ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनॉस कॉन्फिगरेशनची रचना दाखवतं: > असेल तर त्याच्या आत आणखी पायऱ्या आहेत, + असेल तर एकाहून जास्त मूल्यं देता येतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते आयओएसचं <सीआर>, म्हणजे टाइपरायटरच्या जमान्यातलं कॅरेज रिटर्न. अर्थ एवढाच, की कमांड इथे संपवता येते. इंटरफेसला (राऊटरच्या एखाद्या जोडणीला) पत्ता आणि मास्क देऊन ? दाबा, 'सेकंडरी' आणि <सीआर> दोन्ही दिसतील. 'सेकंडरी' म्हणजे जोडीचा जादा पत्ता; तो शब्द न लिहिता एंटर मारलंत तर जुना पत्ता जाऊन तिथे नवा बसतो, तोही त्याच क्षणी. त्याच जुन्या पत्त्यावरून लॉगिन केलं असेल तर तुम्ही बाहेर! जुनॉसमध्ये त्याच जागी दुसरा पत्ता 'सेट' केला तर तो पहिल्याच्या जोडीला बसतो, पहिला वेगळा काढावा लागतो. शिवाय 'कमिट' (बदल लागू करायची कमांड) करेपर्यंत काहीच लागू होत नाही. 'कमिट कन्फर्म्ड' दिलंत आणि १० मिनिटांत पुन्हा 'कमिट' केलं नाहीत, तर राऊटर आपोआप आधीच्या स्थितीत येतो.

म्हणून घरी बसून शिकायचं असेल तर आयओएस घ्या: पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचा नेटवर्क सिम्युलेटर फुकट मिळतो. चुकलेल्या जागेखाली ^ ही खूण मात्र दोन्हीकडे येते. दूरगावचा राऊटर सांभाळायचा असेल तर माझं मत ठामपणे जुनॉसला.

दोन्ही शिकणार असाल तर प्रॉम्प्टच्या (कमांड लिहायच्या जागेआधी दिसणाऱ्या नावाच्या) शेवटचा # जपून वाचा. जुनॉसमध्ये # दिसला की तुम्ही कॉन्फिगरेशनमध्ये आहात. आयओएसमध्ये नुसता # म्हणजे फक्त वरचे अधिकार मिळालेत, कॉन्फिगरेशनमध्ये शिरल्यावर त्याआधी कंसात 'कॉन्फिग' दिसतं.