बिल्ला पोर्तुगिजांचा घ्यावा की मुक्तीनंतरचा?

गोव्यात पोलिसी बिल्ले जमवायला लागलेला माणूस आधी पोर्तुगीज राजचिन्हावरच भाळतो. मीही भाळलो होतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगात एक सापडला आणि तो आठवडा मी त्याच्यापलीकडे काही बोललो नाही. आज मात्र कोणी विचारलं तर मी मुक्तीनंतरच्या बिल्ल्यांकडे बोट दाखवतो. का, ते सांगतो.

पोर्तुगीज बिल्ला वाचायला मजा येते, हे खरंच. माथ्यावर राजमुकुट असेल तर तो नमुना 1910 पूर्वीचा. त्या वर्षी 5 ऑक्टोबरला पोर्तुगालात राजेशाही संपली. नंतरच्या प्रजासत्ताकाच्या चिन्हात मुकुट नाही, ढालीमागे कड्याकड्यांचा खगोल आहे. क्वचित एक दातेरी चाक दिसतं, ते सांता कातारीना या ख्रिस्ती संत स्त्रीचं. 25 नोव्हेंबर 1510 ला, म्हणजे तिच्या सणादिवशी, पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, म्हणून ते इथल्या चिन्हात आलं. ‘एस्तादु द इंदिया’, म्हणजे पोर्तुगिजांचं भारतातलं राज्य, या अक्षरांवरून मात्र काळ ठरवायला जाऊ नका, ते नाव शतकानुशतकं चाललं.

अडचण पुढेच सुरू होते. विकणारा सगळ्यालाच ‘पुलीस’ म्हणतो. फौजेचं टोपीवरचं चिन्ह, जकातीवरच्या ‘गार्द फिश्काल’ या दलाचं बटण, सगळं एकाच ताटलीत. खात्री करायची तर पणजीच्या पुराभिलेखागारात जुनं सरकारी राजपत्र, ‘बोलेतीं’, चाळावं लागतं आणि तेही पोर्तुगीजमध्ये. ती भाषा येत असेल तर तुमच्यासारखा नशीबवान नाही. शिवाय नकली माल याच बाजूला जास्त. ठशाने दाबलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर पुढे उठाव असतो तिथे मागे सहसा खळगा असतो. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ सपाट, अंगावर बारीक छिद्रं, अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट. अस्सल बिल्लेही काही ओतीव असतात, तेव्हा एवढ्या एकाच खुणेवर पैसे टाकू नका.

आणखी एक गोष्ट विकणारा सांगणार नाही. पेडण्यातल्या माझ्या मावशीने तो बिल्ला शोकेसमध्ये पाहिला आणि म्हणाली, “पाखल्यांचं ते माझ्या समोर नको.” पाखले म्हणजे पोर्तुगीज. 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, तिथून तिचं माहेर चालत जाण्याइतकं. बिल्ला आता माझ्या कपाटात, खालच्या खणात असतो.

मुक्तीनंतरचा माल दिसायला साधा. सिंहमुद्रा, पितळ नाहीतर निकेलचा मुलामा, ठोकळ अक्षरं. पण त्यावर गोवा, दमण आणि दीव अशी तिन्ही नावं एकत्र असतील तर तो संघप्रदेशाच्या काळातला नमुना: 19 डिसेंबर 1961 च्या मुक्तीनंतरचा आणि 30 मे 1987 ला गोवा राज्य होण्याआधीचा. आणि त्यातले कितीतरी अजून बाजारात आलेलेच नाहीत. ते घरात आहेत, सुईदोऱ्याच्या डब्यात.

असाच एक डबा एका निवृत्त हवालदाराच्या घरी उघडला. पट्ट्याच्या पितळी बक्कलाचा उजवा कोपरा आत दबलेला. मी मनात किंमत कमी करत होतो, तेवढ्यात काकी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “दीवला बदली झाली तेव्हा बोटीच्या शिडीवर आपटला तो. घरी येईपर्यंत पँट हाताने धरून चालत होते.” काका शेजारी बसून हसत होते. नंतर त्यांनी आपला बक्कल नंबर सांगितला, आठवावं न लागता, जसं आपण आपलं नाव सांगतो. पोर्तुगीज बिल्ल्यामागे असा कोणी माणूस मला आजवर भेटला नाही, आणि आता भेटण्याची आशाही नाही. बक्कल त्यांनी विकलं नाही. मी फोटो काढला आणि गोष्ट लिहून घेतली.

‘ब्रिटिश पोलीस’ म्हणून हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात मिळणाऱ्या पितळी चपराशींच्या, म्हणजे पट्ट्यावर लावायच्या बिल्ल्यांच्या, नादी लागू नका. चकचकीत दिसल्या की पुढे चला.

कायद्याचं एवढंच. सध्या चालू असलेला बिल्ला घेऊ नका, आणि जुनाही अंगावर लावून मिरवू नका. लोकसेवक भासवण्याच्या हेतूने त्याचं चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 205 खाली गुन्हा आहे. शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, म्हणून परदेशातल्या मित्राला भेट पाठवण्याआधी चौकशी करा.

दोन्ही काळच्या बिल्ल्यांना पावसाळा सारखाच मारतो. आमसुलाने घासायचा मोह आवरा. समई उजळते, बिल्ल्याचा मात्र जुना रंग जातो आणि किंमतही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, हिरवं चढतं. कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट डब्यात. खर्च करायचा तर आधी पेट्रोलवर करा: पेडणे, सत्तरी, काणकोण, जिथे कोणी जुने पोलीस राहतात तिथे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि पहिल्याच भेटीत किंमत विचारू नका.