वनाझ ते रामवाडी ३० रुपये, रामवाडी ते ऑफिस १८०

आधी हिशोबच सांगते म्हणजे बाकीचं लिहायची गरज का पडली ते कळेल. पुण्यात वनाझहून मेट्रोत बसले की रामवाडीपर्यंत ३० रुपये, कार्ड असेल तर दहा टक्के सूट, म्हणजे २७. सोळा स्टेशनं, आख्खं शहर आडवं पार. आणि रामवाडीला उतरल्यावर खराडी बायपासच्या आत माझं ऑफिस साडेपाच किलोमीटर, त्याला रिक्षावाला मागतो १८०. तेही सकाळी सव्वानऊला, ऊन नाही पाऊस नाही अशा साध्या दिवशी. गेलं सव्वा वर्ष मी हा रूट रोज करतेय त्यामुळे एका दिवसाच्या रागातून लिहित नाहीये, सगळं अनुभवाचं आहे.

मेट्रोच्या आतल्या प्रवासाबद्दल माझी तक्रार जवळपास नाहीच. पूर्वी मी स्कूटीवर जायचे, पौड फाटा, कर्वे रोड, डेक्कन, पुढे बंडगार्डन, नगर रोड, सव्वा तास पक्का आणि शुक्रवारी दीड. ऑफिसला पोचले की पहिली दहा मिनिटं नुसतं मान-पाठ सरळ करण्यात जायची. आता तेच अंतर चाळीस मिनिटांच्या आत होतं आणि वनाझला सुरुवातीचंच स्टेशन असल्यामुळे बसायला जागा मिळते. गाडी तीन डब्यांचीच आहे, त्यामुळे डिस्ट्रिक्ट कोर्टला स्वारगेट-पिंपरीच्या लाईनवरून लोकं येतात तेव्हा चांगलीच दाटी होते, पण गर्दीच्या वेळेला सहा-सात मिनिटांत पुढची येते म्हणून निभावतं. नळ स्टॉपला खाली कर्वे रोड, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वरून आपण जातोय, खाली सिग्नलला थांबलेल्या गाड्या दिसतात, त्यात मी पंधरा वर्षं उभी होते. डेक्कन गेलं की नदी लागते. पगडीसारखं छप्पर असलेलं संभाजी उद्यान, मग मनपा, आणि पावसाळ्यात मुठेला पाणी सोडलेलं असलं की डब्यातली अर्धी माणसं मोबाईल खाली करून खिडकीकडे बघतात. मला हे खरंच आवडतं. मार्च २०२२ मध्ये पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा गरवारे कॉलेजपर्यंतच होती, लोकं नुसती चक्कर मारायला यायची, फोटो काढायची. मग ऑगस्ट २०२३ ला रुबी हॉल आणि मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत आली, तेव्हापासून ती आमच्यासारख्यांच्या कामाची झाली.

त्रास सुरू होतो तो जिना उतरून रस्त्यावर आलं की.

रामवाडीला खाली उतरलात की समोर नगर रोड, आणि कडेला आठ-दहा रिक्षा तिरक्या लावलेल्या. लाईन नाही, नंबर नाही, दर लिहिलेला बोर्ड नाही. जिन्यावरून माणूस खाली येताना दिसला की चार जण पुढे, कुठं मॅडम, खराडी का, ईऑन का, वाघोली का. परवाचंच सांगते. एक तरुण मुलगा होता, रिक्षा नवीन, मीटरला प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा अजून तसंच.

"बायपासच्या आत एकशे ऐंशी होतील मॅडम."

"मीटरने चला ना दादा."

"इथून मीटर कुणीच नाय टाकत. विचारा हवं तर."

सप्टेंबर २०२२ पासूनचा मीटरचा दर मला पाठ आहे, पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७. साडेपाच किलोमीटरचे होतात ९३ रुपये. मी त्याला हिशोब करून दाखवला. तो चिडला नाही, उलट शांतपणे म्हणाला, मॅडम बायपासच्या चौकात माझा अर्धा तास जातो, आत सोडलं की सकाळी आतून बाहेर यायला पॅसेंजर नसतो, रिकामा परत यायचं, गॅस कोण भरणार. त्याचं म्हणणं मला पटलं, आणि तरी १८० पटले नाहीत. दोन्ही खरं आहे. सकाळी सगळे आत जाणारे आणि संध्याकाळी सगळे बाहेर येणारे, त्यामुळे एका बाजूची फेरी रिकामी जाते हे कुणालाही कळतं, मग तेवढं धरून या स्टॅंडसाठी एक ठराविक दर लावून बोर्डवर लिहून टाका ना. १२० लिहा. मी खुशीने देईन. रोज सकाळी उठून घासाघीस करायची आणि ज्याला बोलता येत नाही त्याने जास्त द्यायचे, हे मला सहन होत नाही. गावाकडून आलेला एक मुलगा माझ्यासमोर अडीचशे देऊन गेला, हातात बॅग, इंटरव्ह्यूला चाललेला, फाईल छातीशी धरलेली. मी ओरडून सांगेपर्यंत रिक्षा निघून पण गेली होती.

अ‍ॅपवरून बुक करून बघा म्हणतात. केलं. रिक्षा दाखवते तीन मिनिटांवर, मग फोन येतो, कुठं जायचंय, कॅश आहे का, किती देणार, आणि कॅन्सल. सलग तीन कॅन्सल झाले की खाली उभ्या असलेल्यालाच विचारावं लागतं आणि तोपर्यंत त्याचा भाव वीस रुपयांनी वर गेलेला असतो.

फीडर बस, म्हणजे स्टेशनवरून पुढे आत नेणारी बस, आहे. असते म्हणूया. मी एक आठवडा वहीत लिहून ठेवलं, कारण घरी कुणाचा विश्वास बसेना. सोमवारी २२ मिनिटं थांबले, आली. मंगळवारी दहा मिनिटांत आली पण दारात पाय ठेवायला जागा नाही, कंडक्टर म्हणाला मागची रिकामी आहे, मागची आलीच नाही. बुधवारी ३५ मिनिटं, मग शेअर रिक्षा. गुरुवारी मी उतरत होते तेव्हाच निघून गेली, जिन्यावरून दिसली. शुक्रवारी वेळेत आली, बसायला मिळालं, थोडक्या पैशांत ऑफिस. त्या शुक्रवारी मला इतकं बरं वाटलं, म्हणजे हे होऊ शकतं, रोज होऊ शकतं, फक्त मेट्रो येण्याच्या वेळा आणि बस सुटण्याच्या वेळा एका माणसाने एका कागदावर लिहायला पाहिजेत. मेट्रो सहा-सात मिनिटांनी येते, तर दर दुसऱ्या गाडीला एक बस धरा, एवढंच मागणं आहे.

शेवटी आम्हीच सोय केली. रोज त्याच गाडीला असणारे चेहरे ओळखीचे झाले होते, त्यातले चौघं मिळून ग्रुप केला, नाव "रामवाडी ९.२०". एक बँकेतले काका, दोन मुली आयटीतल्या आणि मी. एक रिक्षावाले मामा ठरवलेत, माणशी ४० रुपये, मागे तिघं आणि पुढे मामांच्या शेजारी काका. पुढे बसणं नियमात नाही हे आम्हाला माहितीये, काकांनाही माहितीये, ते एका हाताने दांडी धरून बसतात आणि बायपासच्या चौकात पोलीस दिसला की आधीच उतरून चौक चालत ओलांडतात. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे. पावसात त्यांची उजवी बाजू पूर्ण भिजते, ऑफिसात बदलायला एक शर्ट ठेवलाय त्यांनी. वातानुकूलित डब्यातून उतरायचं आणि पुढे असं जायचं.

जून २०२५ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने पुढच्या टप्प्याला मंजुरी दिली, वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी, मिळून पावणेतेरा किलोमीटर, १३ स्टेशनं, मुदत चार वर्षं. त्यात खराडी बायपासलाही स्टेशन आहे. बातमी वाचली तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. पण नीट बघितलं तर बायपासच्या चौकापासून आमचं ऑफिस आत दोन किलोमीटर उरणारच आहे, आणि चौकात आजच्यासारख्याच रिक्षा उभ्या राहणार. मेट्रो मुख्य रस्त्यावरून जाते, कंपन्या सगळ्या आत आत आहेत, हे तर हिंजवडीच्या मेट्रोलाही होणार. त्या लाईनचीही २३ स्टेशनं आहेत, उतरल्यावर पुढे काय ते आत्ताच ठरवा, स्टेशनं सुरू झाल्यावर नको.

आता घराकडच्या टोकाचं. आम्ही भुसारी कॉलनीच्या बाजूला राहतो, वनाझ स्टेशन सव्वा किलोमीटर. मी चालत जाते. स्कूटी नेऊन बघितली, पण लावायची कुठे, दोनदा रस्त्याच्या कडेला लावली, दुसऱ्यांदा टेम्पोवाले उचलून घेऊन गेले, दंड भरून सोडवायला अर्धा दिवस रजा टाकली. चालायचं तर फुटपाथ आहे म्हणायला, अर्ध्यावर दुकानांचे बोर्ड, अर्ध्यावर बाईक्स, मधेच डीपीचा डबा, मग रस्त्यावर उतरायचं. मला जमतं.

आईला नाही जमत. आई एकाहत्तरची आहे, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते, आणि मेट्रोवर तिचं फार प्रेम आहे. सप्टेंबर २०२४ ला मंडई, स्वारगेटपर्यंत भुयारी सुरू झाली तेव्हापासून तिचं दगडूशेठला जाणं परत सुरू झालं. त्याआधी तीन वर्षं बंद होतं, कारण कोथरूडहून मंडईत रिक्षा म्हणजे ट्रॅफिकमध्ये पाऊण तास आणि परत यायला कुणी तयार नाही. आता शनिवारी-रविवारी तिकिटाला तीस टक्के सूट असते म्हणून ती शनिवार धरते. डिस्ट्रिक्ट कोर्टला गाडी बदलायची, ते स्टेशन तेहतीस मीटर खोल आहे, पण लिफ्ट आहे, आणि तिथला एक सिक्युरिटीवाला मुलगा तिला लांबूनच ओळखतो, आजी सावकाश म्हणतो, लिफ्टचं दार धरून ठेवतो. मंडईला वर आलं की फुलांचा वास येतो म्हणते. एवढ्या सगळ्यात तिला काहीच अडचण येत नाही.

अडचण आहे ती घर ते वनाझ. रिक्षावाले म्हणतात, आजी एवढ्याशा अंतराला नाही परवडत. चाळीस देते म्हटलं तरी नाही, कारण मधल्या वेळात त्याचं लांबचं भाडं जाईल. मग ती चालते. पंचवीस-तीस मिनिटं लागतात आणि मधे दोनदा बसावं लागतं. बाक नाहीयेत, म्हणून तिने दोन पायऱ्या ठरवून ठेवल्यात, एक बंद असलेल्या झेरॉक्सच्या दुकानाची आणि दुसरी मेडिकलच्या शेजारची. गेल्या शनिवारी परत आल्यावर म्हणाली, झेरॉक्सच्या पायरीला त्याने लोखंडी जाळी बसवलीय गं, आता तिथे बसता येत नाही.