आधी बँक की आधी वीजदर? ऊर्जा-धोरणाकडे जाणाऱ्या दोन वाटा

सीए किंवा एमबीए फायनान्स करून मग हरित ऊर्जेच्या धोरणाकडे वळावं, की थेट धोरण-संशोधनातच शिरावं? पुण्यात शिकणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं.

पहिल्या वाटेवरचं ठळक नाव सुरेश प्रभू. पेशाने सीए, सारस्वत बँकेचे अध्यक्ष, मग खासदार आणि २००० ते २००२ केंद्रीय ऊर्जामंत्री. २००३च्या वीज कायद्याचं विधेयक त्यांच्याच काळात संसदेत आलं. दुसऱ्या वाटेवर गिरीश संत. आयआयटी मुंबईत शिकलेले इंजिनिअर. पुण्यात ‘प्रयास’ या संस्थेचा ऊर्जा गट उभा करणाऱ्यांपैकी एक. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाकडून वीज घेण्याचा राज्य वीज मंडळाचा करार या मंडळींनी आकडे मांडून तपासला. त्यात वीज उचला न उचला, स्थिर आकार (ठरलेली रक्कम) द्यायचाच, वर डॉलरचा भार. २००१ मध्ये वीज मंडळाने ती खरेदीच थांबवली.

दोघांच्या टेबलावर कागद एकच, वीजखरेदी करार. फायनान्सवाला विचारतो, कर्ज फिटेल का? धोरणवाला विचारतो, बिल कोणाच्या माथी? सौरऊर्जेत हे दोन प्रश्न एकमेकांत पार गुंततात. कोळशाच्या केंद्राला रोज इंधन लागतं. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी, तोही बहुतांश कर्जातून. म्हणजे पुढची २५ वर्षं युनिटचा दर काय राहणार, हे उन्हाइतकंच व्याजावर ठरतं. वितरण कंपनी पैसे थकवते असा लौकिक झाला की बँक व्याज वाढवते आणि ते फिरून ग्राहकाच्याच बिलात येतं. हे गणित ज्याला स्वतः मांडता येत नाही, त्याचं धोरण भाषणापुरतं.

पगारात पहिली वाट पुढे, यात वादच नाही. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर तीच धरा, लाजण्याचं कारण नाही. फक्त टेबल बघून घ्या. गृहकर्जं विकण्यात पाच वर्षं गेली तर ऊर्जेतलं काहीच हाती लागत नाही. प्रकल्प-कर्जाचा विभाग किंवा १९८७ पासून याच क्षेत्राला कर्ज देणारी ‘इरेडा’सारखी सरकारी संस्था हवी. घरची चिंता नसेल, तर मात्र मी दुसऱ्या वाटेच्या बाजूने. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्र शिकून धोरणात आलेल्याला ताळेबंद वाचायला पुढेही शिकता येतं. पण एकदा गलेलठ्ठ पगाराची सवय लागली की निम्म्यावर उतरायला घरचे तयार होत नाहीत. (लग्न ठरायचं असेल तर विचारूच नका.)

ठरवण्याआधी एक काम करा. महावितरणची दरवाढीची याचिका सगळ्यांसाठी खुली असते, वीज नियामक आयोग त्यावर लोकांच्या हरकती मागवतो, सुनावणी घेतो. ती याचिका उघडा आणि एक हरकत लिहून पाठवा. तक्ते वाचताना रंगलात की हरकत लिहिताना, त्यावरून तुमची वाट कोणती ते कळेल. दोन्हींचा कंटाळा आला, तर आयटी आहेच.