आय-७ मागितला, आय-७च दिला

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडतीवर दिवाणजी आहे. सतरा वर्षं झाली. पोत्यात वरची ओंजळभर हळकुंडं कुणीही निवडून ठेवतो. हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधलं हळकुंड काढायचं आणि मोडून आतला रंग बघायचा, हे मला कुणी शिकवायला नको. तोच मी ३८ हजारांचा गेमिंग कॉम्प्युटर नुसता वरनं बघून घरी आणला. दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही तेवढं एक दुकान टाळाल आणि पुढच्या गल्लीत तोच माल घ्याल.

पोराची दहावी झाली, गुण बरे पडले आणि मी आधीच शब्द देऊन बसलो होतो. २०२४ च्या जुलैची सुरुवात. त्याच्या मित्राच्या भावानं एक दुकान सांगितलं. आत शिरलो तर गणपती मंडळाच्या डेकोरेशनमध्ये आल्यासारखं वाटलं. काचेची कपाटं, त्यात रंग बदलणारे पंखे, एसी गार. मालक पंचविशीतला, बोलायला लोण्यासारखा. चहा मागवला. मग पोराशी पाच मिनिटं गेमच्या भाषेत बोलला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, आय-७ घेताय म्हटल्यावर पाच वर्षं बघायला नको."

कोटेशन त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. प्रोसेसर इंटेल कोअर आय-७. १६ जीबी रॅम. ५१२ जीबी एसएसडी. गेमचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. ५५० वॉटची एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारी पेटी. आरजीबी म्हणजे रंगीत लाइटचं कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. सगळं मिळून ३८ हजार. शेजारच्या मोठ्या शोरूममध्ये आय-३ चा सेट याच्यापेक्षा महाग होता. आय-३ पेक्षा आय-७ मोठा, हे तर चौथीच्या पोरालाही कळेल असं मला वाटलं. इथंच माझा पाय घसरला.

आम्ही म्हटलं, चालवून दाखवा. त्यानं 'जीटीए सॅन अँड्रियास' लावला. मोटारसायकल सुसाट पळाली, कुठं अडखळली नाही. पोरगा खूष, पोरगा खूष म्हणून मी खूष. तो गेम २००५ साली कॉम्प्युटरवर आलेला आहे आणि आता कुठलाही जुना डबा तो पळवतो, हे मला फार नंतर कळलं. नव्या टेम्पोची ताकद उतारावर बघितल्यासारखं झालं ते. पोराला मात्र हे तेव्हाही माहीत असणार, पण समोर लाइट लागलेले असताना सोळा वर्षांच्या पोरानं तोंड उघडावं ही अपेक्षाच चूक.

आता माझी स्वतःची लबाडी सांगतो, कारण तिच्याशिवाय हिशोब जुळत नाही. मालक म्हणाला, "जीएसटीचं बिल लावलं तर अठरा टक्के वर जातील, काका." मी मनातल्या मनात गुणाकार केला: ६,८४० रुपये. म्हटलं, राहू दे. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासून लाल टिका मारणारा मी, 'एस्टिमेट' छापलेला एक चिठोरा घेऊन बाहेर पडलो. खाली बारीक अक्षरात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' होतंच. वीस हजार फोनवरून पाठवले, अठरा हजार रोख, तेही त्याच्या म्हणण्यावरून.

पहिले आठ दिवस झकास गेले. मग पोरानं 'व्हॅलोरंट' टाकला. गेम उघडायच्या आधीच पडद्यावर 'व्हॅन ९००१' असा एरर. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी हव्यात म्हणे. मी दुकानात फोन केला. "विंडोज अपडेट केलं असेल तुम्ही." नाही केलं. "मग अँटिव्हायरस असेल." तोही नव्हता. त्यानंतर 'जीटीए फाइव्ह' टाकला. तो सुरू व्हायचा, दोन-तीन मिनिटं चालायचा, मग पडद्यावर रंगीत चौकोन उमटायचे आणि मशीन बंद पडून परत चालू व्हायचं. मालक म्हणाला, तुमच्या घरचं व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, स्टॅबिलायझर घ्या. त्याच्याकडे होता विकायला. घेतला असता तर आणखी अडीच हजार गेले असते. घरच्या लक्ष्मीनं हात धरला: "अहो, फ्रिज कसा चालतोय मग?"

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. नदीचं पाणी चढायला लागलं की आमच्याकडे निम्मं गाव आयर्विन पुलावर फुटं मोजायला जातं, त्याच दिवसांत तो आला. पुलावरनं भिजून आला, टॉवेलनं डोकं पुसत कॉम्प्युटरच्या मागं वाकला आणि सुरूही न करता म्हणाला, "मामा, तुम्हाला गंडवलंय."

मॉनिटरची केबल निळ्या टोकाची होती. जुन्या कॉम्प्युटरला असायची ती, दोन बाजूंनी स्क्रू पिळायची व्हीजीए. ती ग्राफिक्स कार्डातच खोचलेली. भाच्यानं समजावलं, की जीटीएक्स १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल थेट निघतच नाही, त्या सगळ्या पिढीनं तो सोडून दिला. म्हणजे आत कार्ड दुसरंच असण्याची दाट शक्यता. मग त्यानं कॅबिनेटची काच काढली. कार्डाला वरून वेगळी वीज दिलेली, तीही एसएमपीएसच्या दोन जुनाट वायरी एका जोडणीत कोंबून. १०५० टीआय जास्तीत जास्त ७५ वॉट खातो, पुष्कळ कंपन्यांच्या कार्डांना मदरबोर्डातूनच तेवढी वीज मिळते. काही अस्सल कार्डांनाही वरची वायर असते, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावरून निकाल देऊ नका असं त्यानं बजावलं. पण निळी केबल आणि ही वायर एकत्र बघितल्यावर तो हसायलाच लागला.

पेनड्राइव्हवरून त्यानं जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाच्या आधी चौकटी कंसात स्पष्ट लिहिलेलं: फेक. चिप जीएफ ११६, म्हणजे २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयच्या पिढीतली. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर, म्हणजे हिशोब करणारे भाग, असतात, याच्यात १९२. मेमरी ४ जीबी दाखवायची, आत होती १ जीबी. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ प्रोग्राममध्ये, फेरफार करून नवं नाव आणि खोटी मेमरी चढवतात. विंडोजला कार्ड जे सांगेल तेच खरं वाटतं, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतं. गेमनं एका जीबीच्या पुढची जागा मागितली की पितळ उघडं पडतं. आमचे ते रंगीत चौकोन म्हणजे हेच. व्होल्टेज बिचारं निर्दोष.

मग प्रोसेसर. यासाठी तर सॉफ्टवेअरही लागलं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर गेलो, वर उजवीकडे पूर्ण नाव: कोअर आय-७ २६००. आय-७ च्या पुढच्या आकड्यात पिढी लपलेली असते. २६०० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, जानेवारी २०११ ची. मला महाग वाटलेल्या त्या आय-३ चा आकडा १२१०० होता, म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. कोअर दोघांतही चार, थ्रेड दोघांतही आठ, पण कामात आय-३ कितीतरी पुढं. शिवाय दुसऱ्या पिढीत एव्हीएक्स-२ नावाच्या सूचनाच नाहीत, आणि काही नवे गेम त्यांच्याशिवाय सुरू होत नाहीत. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे घेतच नाही. दुकानदारानं तपासणी चुकवून ते बसवलं होतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट मागतो ते टीपीएम या जुन्या मशीनमध्ये नव्हतंच, एरर तिथून आला.

मी म्हटलं, पण मदरबोर्ड तर खोक्यातला नवा कोरा होता. होता. एच-६१ या चिपसेटचे बिननावाचे बोर्ड अजूनही नवे बनवून येतात, कारण जुन्या ऑफिसांतून निघालेले प्रोसेसर कुठंतरी खपवायला हवेत. त्यावर जुन्या पिढीची डीडीआर-३ रॅम, तीही १६ जीबीच्या पुढं जात नाही, म्हणजे वाढवायची सोय नाही. एसएसडी तेवढा खरा निघाला.

एसएमपीएसचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तिथं फसवणूक चक्क लेबलवर छापलेली होती आणि आकडे वाचणं हा माझा धंदा आहे. वर ठळक '५५० वॉट'. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः या १२ व्होल्टवर चालतात. गुणाकार करा: २१६ वॉट. बाकीचे वॉट कुठं गेले ते छापणाऱ्यालाच माहीत. भाच्यानं ती खोलून माझ्या तळहातावर ठेवली. फराळाचा रिकामा डबा जड लागेल इतकी हलकी. म्हणून सांगतो, एसएमपीएस घेताना आधी तो १२ व्होल्टचा आकडा वाचा, मग हातात तोलून बघा. वीज कमी वाया जाते हे सांगणारी ८० प्लसची खूण असली तर बरं, पण खूणही छापताच येते, तेव्हा माहितीतल्या कंपनीची आणि बिलासकट घ्या. ती जळली तर एकटी जळत नाही, शेजाऱ्यांना घेऊन जाते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. चहा आला नाही. "काका, तुम्ही आय-७ मागितला, मी आय-७ दिला. कुठल्या पिढीचा ते तुम्ही विचारलंत का?"

खरं सांगतो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सौद्याला कुणी नुसतं 'हळद' म्हणून बोली लावत नाही. वाण कोणता, नवी की जुनी, हळकुंड की गड्डा, हे आधी ठरतं. मी मात्र नुसत्या 'हळद' या शब्दावर ३८ हजार मोजले होते. त्याचा एकेक शब्द खरा होता. रॅम १६ होती, एसएसडी ५१२ होता, आय-७ होता. एसएमपीएसचं लेबल सोडलं तर खोटा शब्द एकच: जीटीएक्स १०५० टीआय. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याच नंबरवरून लेखी आलेला होता. भाच्यानं फोन काढून तो मेसेज आणि जीपीयू-झेडचा फोटो शेजारी शेजारी धरला, तेव्हा मालकानं पहिल्यांदा मान खाली घातली.

त्या आधी रात्री मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन केला होता. तिथं पहिला प्रश्न, बिल आहे का. त्या ६,८४० रुपयांची किंमत मला त्या क्षणी कळली. पण आमच्या यार्डातल्या एका वकिलांनी धीर दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम २(४७) मध्ये, बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते, आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्यासुद्धा. पैसे पाठवल्याची फोनमधली नोंद आणि ते कोटेशन हेही पुरावेच. मी हे सगळं दुकानात तोंडपाठ म्हणून दाखवलं, थोडं अडखळत.

तासभर घासाघीस झाली. कार्ड आणि एसएमपीएस त्यानं परत घेतली आणि नऊ हजार दिले. प्रोसेसर-बोर्डाला हात लावायला तयार नाही. आयोगात जायला हवं होतं असं आज वाटतं. हळदीचा हिशोब संपायचा होता, पाणी वाढत होतं, आणि खरं म्हणजे बिल न घेतल्याची लाज वाटत होती. तेव्हा नाही गेलो.

पोराचा दुसरा कॉम्प्युटर दिवाळीनंतर झाला, या वेळी भाच्यानं यादी करून. रायझन ५ ५६००जी, ज्याच्यात ग्राफिक्स आतच येतं. वेगळं कार्ड सध्या नाही, पैसे साठले की घ्यायचं. सेकंडहँड कार्ड लागलंच तर विकणाऱ्याच्या समोर, त्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड आणि एक जड गेम अर्धा तास चालवून, असं ठरलंय. रॅम १६ जीबीची एक काडी नाही घेतली, आठ-आठच्या दोन घेतल्या. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, दोन काड्यांनी त्याला दुहेरी रस्ता मिळतो. बोर्डाच्या बायोसमध्ये रॅमचा प्रोफाइल चालू करायला विसरू नका, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानं रांगत राहते. आमचीही पहिले दोन दिवस रांगत होती. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह दोन्ही पळतात. लाइट एकच आहे, पॉवरच्या बटणाचा. पोराला ते जरा खटकतं.

बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर लिहून घेतला. दुकानदार वैतागला, पण लिहिला. त्याचा जीएसटी क्रमांक मी काउंटरवरच पोर्टलवर टाकून बघितला. महाराष्ट्रातला नंबर २७ नं सुरू होतो, आणि नाव दुकानाच्या पाटीशी जुळलं.

जुना आय-७ भाच्यानं साधी बरी एसएमपीएस लावून आडतीवर आणून ठेवला. हिशोबाच्या टॅलीला तो उत्तम आहे. कॅबिनेट तेच, आरजीबीचं. आता सौद्याच्या दिवशी शेतकरी पट्टी घ्यायला खिडकीशी येतात, माझ्या पायाशी निळे-जांभळे पंखे फिरताना बघतात आणि विचारतात, "दिवाणजी, ह्यो केवढ्याला पडला?"

मी म्हणतो, २९ हजार.