सातपुड्याच्या पायथ्याचं मोफत कॅन्सर तपासणी शिबिर: मिनिटभर थांबतात का, ते बघा

यावल-चोपडा पट्ट्यातल्या गावांत फिरणारं हे शिबिर एका दिवसात तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख अशा तीन जागा तपासतं. शाळेच्या तीन खोल्या, पडद्याला बांधलेल्या साड्या, चार सिस्टर, एक डॉक्टरीणबाई, गावच्या आशाताई आणि अंगणात उभी व्हॅन. साहित्य पाहिलं तर पातळ केलेलं ॲसिड, टॉर्च आणि हाताची बोटं. एवढ्याशा सामानावर काय कॅन्सर सापडणार, असं वाटू शकतं. पण याच सामानाची कसोटी घेण्यात डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन यांची कारकीर्द गेली. त्रिवेंद्रमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमधले हे शेक देणारे, म्हणजे किरणोपचाराचे डॉक्टर. पुढे फ्रान्समध्ये लियाँला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेत, ते तपासणी विभागाचे प्रमुख झाले. दवाखान्यात उशिरा पोचणारा रोगी गावातच लवकर सापडला तर किती जीव वाचतात, हे त्यांनी भारतातल्या गावांत मोजून दाखवलं. म्हणून हे शिबिरही त्याच मापाने मोजायला हवं.

तोंडाच्या तपासणीचं टेबल उत्तम आहे. बाई किंवा बाबा आले की आधी चूळ भरायला लावतात आणि कवळी काढायला सांगतात. मिसरी लावणाऱ्या बाईचं तोंड धुतल्याशिवाय तपासूच नये. तपकिरी थराखाली पांढरा चट्टा दडतो. मग दोन लाकडी पट्ट्या आणि पांढऱ्या उजेडाचा टॉर्च घेऊन ओठ, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू अशा ठरलेल्या क्रमाने बघतात. जीभ गॉजने धरून बाहेर ओढतात आणि दोन्ही कडा तपासतात. खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली खोबण, जिथे तंबाखूचा बार भरतात, तिथे इथल्या सिस्टर हातमोज्याचं बोटही फिरवतात. हे फार महत्त्वाचं, कारण कडक झालेली जागा डोळ्याआधी बोटाला कळते. गॉजने पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमलीसारखा डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यांतलं काहीही दिसलं की नाव वेगळ्या वहीत जातं. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेल्यांचं तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहितात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्या वहीत विशी-पंचविशीतली पोरं आहेत.

शंकरनारायणन यांच्या त्रिवेंद्रमच्या अभ्यासात अशीच तपासणी आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन केली होती. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. व्यसन नसलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. तेव्हा शिबिराने रांगेत पहिला मान तंबाखूवाल्यांना द्यावा. आज उलट होतं. व्यसन नसलेली मंडळी सकाळीच तपासून घेतात आणि बार भरणारे बाबा पारावर बसून राहतात.

स्तनाची तपासणी ठीक. बसवून आणि झोपवून, तीन बोटांच्या पेरांनी, काखेसकट. मात्र दोन्ही बाजूंना मिळून पाच मिनिटं तरी लागतात, आणि गर्दी झाली की ती मिळत नाहीत.

आता गर्भाशयमुखाची तपासणी, म्हणजे व्हीआयए: पातळ ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं. शिबिराची खरी किंमत इथे ठरते. पाच टक्के ॲसेटिक ॲसिड लागतं: ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हे रोज सकाळी ताजं करायचं आणि संध्याकाळी उरलेलं फेकायचं. फिकं झालं तर चट्टा पांढरा होत नाही आणि आजारी बाई निरोगी ठरते. जास्त झालं तर भाजतं. इथे बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिलेली असते, याचं मनापासून कौतुक.

स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा ठेवणारं साधन, घालून, त्या ॲसिडात भिजवलेला बोळा मुखावर लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं असतं. सकाळच्या पाळीत सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत थांबतात, मधेच हलक्या आवाजात विचारतात, "दुखस का वो माय?" आणि सेकंदकाटा फेरी पुरी करतो तेव्हाच दिवा जवळ घेतात. गर्भाशयाच्या तोंडाजवळ आतली आणि बाहेरची त्वचा जिथे मिळते, त्या सीमेला चिकटून दाट, ठळक कडांचा पांढरा चट्टा उठला तर तपासणी पॉझिटिव्ह. सीमेपासून दूर पडलेली किंवा पुसट कडांची पांढुरकी झाक धरायची नसते. दुपारी तीननंतर मात्र कापूस वेचून बायका एकदम येतात. रांग लांबते, मिनिटाचं वीस सेकंद होतं, आणि उशिरा उमटणारा चट्टा निसटतो. स्पेक्युलमही तेव्हाच संपतात. वापरलेलं स्पेक्युलम क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं, मग घासून धुवायचं, मग उकळायचं किंवा ऑटोक्लेव्ह करायचं. यातली एकही पायरी गाळता येत नाही. उपाय सरळ आहे: स्पेक्युलम दुप्पट आणावेत आणि वेचणीच्या दिवसांत शिबिर सकाळी सातला सुरू करावं. एक मजुरी बुडवून कोणती बाई दहाच्या शिबिराला थांबेल?

ही तपासणी नजरेवर चालते, म्हणून तिचे निकालही माणसागणिक बदलतात. शंकरनारायणन यांच्याच दोन अभ्यासांत हे दिसतं. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात एकदाच केलेल्या व्हीआयएने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले (२००७). आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा यांच्या साथीने, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर केलेल्या अभ्यासात (२००९) व्हीआयएचा तसा ठोस फायदा दिसला नाही. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, म्हणजे या कॅन्सरला कारण होणारा विषाणू शोधणाऱ्या तपासणीने, मात्र मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बायका खान्देशातल्या शेतकरी बायकांसारख्याच होत्या. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनाही पहिली पसंती एचपीव्ही तपासणीला देते. शिबिराने निदान पन्नाशीपुढच्या बायकांसाठी ती आणावी. पाळी गेल्यावर व्हीआयएत बघायची ती सीमा आत सरकते आणि बहुतेकदा दिसतच नाही. या शिबिरात साठीच्या आजींच्या कार्डावर 'नॉर्मल' लिहिलं जातं. ते चूक आहे. 'सीमा दिसली नाही' असं लिहायला हवं.

सगळ्यांत चांगली गोष्ट व्हॅनमध्ये आहे: थर्मल ॲब्लेशनचं, म्हणजे व्हीआयएत सापडलेला चट्टा उष्णतेने जाळण्याचं यंत्र. चट्टा पूर्ण दिसत असेल, आत शिरलेला नसेल, मुखाचा पाऊण भाग व्यापत नसेल आणि कॅन्सरची शंका नसेल, तर डॉक्टरीणबाई १०० अंश तापलेलं टोक २० ते ३० सेकंद टेकवतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. नंतर काही आठवडे पाण्यासारखं पांढरं जातं आणि चार आठवडे संबंध टाळायचे असतात. पावरा बायकांना हे आशाताई त्यांच्या बोलीत नीट समजावतात, पण नवऱ्याला कुणीच सांगत नाही. त्याला सांगितल्याशिवाय ते चार आठवडे पाळले जाणार नाहीत.

तोंडात शंका आलेल्यांना मात्र फक्त चिठ्ठी मिळते: 'जळगावला दाखवा.' वार नाही, खोली नाही, कुणाला भेटायचं ते नाही. ही या सेवेची सगळ्यांत मोठी उणीव. शंकरनारायणन यांच्या अभ्यासांत तपासणीला निदान आणि उपचार जोडलेले होते. नुसत्या तपासणीने कुणाचे मृत्यू घटले नाहीत. शिबिरात तज्ज्ञ असतील तर शंकेच्या जागेचा तुकडा तपासायला तिथेच काढता येतो. पंच (तुकडा कापायचं साधन), टाके घालायचं सामान आणि १० टक्के फॉर्मॅलिनची बाटली पुरते. बाटलीत तुकड्याच्या दहापट द्रव हवा, आणि सलाईनमध्ये तुकडा पाठवू नये, तो कुजतो. रोगी पुढे जाणारच असेल तर शिबिराच्या दिवशीच रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळवून घ्यावं. महात्मा फुले योजनेत नावातल्या एका अक्षराने आठवडा जातो.

एचपीव्हीची लस या शिबिरात नाही. ती याच शाळेच्या मुलींना मिळायला हवी. भारतातला लशीचा अभ्यास शंकरनारायणन यांच्याच पुढाकाराचा होता. २०१० मध्ये सरकारने अभ्यासातलं लसीकरण थांबवल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला, आणि पुढची वर्षानुवर्षं त्यांना तपासत राहिल्यावर एक डोसही चांगलं संरक्षण देतो असं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एका डोसाला मान्यता दिली, त्यात या मुलींच्या नोंदींचा मोठा वाटा आहे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने या शिबिराला जावं, पण सकाळी जावं. पाळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर व्हीआयए करू नये. बाळंतपणानंतर बारा आठवडे थांबावं. सैल परकर घालावा, मिसरी त्या दिवशी लावू नये, आधार आणि रेशन कार्ड पिशवीत ठेवावं. चिठ्ठी मिळालीच तर तिच्यावर वार, खोली आणि सिस्टरचा फोन लिहून घेतल्याशिवाय शाळेच्या फाटकाबाहेर पडू नये.